चढाला नाव नाही

दि. ६ नोव्हेंबर, मंगळवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, तू कशी आहेस ते कळव.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि पत्र झालं म्हणून तुझ्या आईला सांगितलं. ती चष्म्यावरून नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं तुला माहीत आहे. म्हणून पुढे लिहितोय.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आजवरची पत्रं आईच लिहायची आणि शेवटी 'बाबांचे आशीर्वाद' हेही तीच घालायची. मी कधी घाल म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. आज लिहायला बसलो तो कामासाठी. उगाच काही गैरसमज करून घेऊ नकोस. तू सैन्यात गेलीस ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही.

काम असं की गावाच्या स्मारकाचा दगड आम्ही नव्या जागी हलवला. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे कार्यक्रम आहे. समितीच्या अध्यक्षांची इच्छा आहे की फुलं तुझ्या हातून वाहावीत, तीही गणवेशात. गावातून सध्या पलटणीत असलेली तू एकटीच. मी म्हटलं, तुम्हीच लिहा तिला. ते म्हणाले, वा, बाप जिवंत असताना मी कशाला लिहू? तेव्हा सुट्टी मिळते का ते कळव, म्हणजे मी त्यांना सांगून मोकळा होईन.

तुझी तुकडी पुढच्या चौकीवर गेल्याचं आई म्हणाली. तिकडे थंडी असेल. लोकरीचे मोजे वेगळे पाठवले आहेत.

दगडाचं सांगतो. रस्ता रुंद करायला घेतला आणि फाट्यावरचा आपला दगड नेमका नव्या रस्त्याच्या मधोमध आला. शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत न्यायचं ठरलं. नेणार कोण, तर मी. तुझ्या आजोबांनी घडवलेल्या त्या दगडाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता, हेही खरं. कप्पी लावली, साखळ्या बांधल्या, गोणपाटं गुंडाळली. सगळं गाव हातातली कामं टाकून बघायला आलं, आणि बघण्यापेक्षा सल्ले देण्यातच सगळ्यांना जास्त रस. न्हावी म्हणतो डावीकडे घ्या, दुकानदार म्हणतो उजवीकडे घ्या. मी म्हटलं, तुम्ही दोघं उचला, मी खुर्ची टाकून बसतो. मग कुठे गप्प बसले.

दगड ओळंबा धरून बसवलाय. केसभर कलला असेल तर माझं नाव बदल. लोकांचं म्हणणं एवढंच की आधीपेक्षा बुटका दिसतो. तिथली जमीन भुसभुशीत आहे, खोल घ्यावा लागला. लोकांना काय कळतंय त्यातलं.

शाळेत नव्या बाई आल्या आहेत. बिचाऱ्या बाहेरच्या, त्यांना गावातलं काही ठाऊक नाही. परवा मला विचारतात, "काका, हा लांब्या म्हणजे ठेकेदार होता का हो? पूल त्यानेच बांधलाय ना?" हसता हसता माझ्या हातातली छिन्नी पडली. मग मी त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, बाई, आपल्याकडे लढाईत गेलेल्याचं खरं नाव दगडावर कोरतात आणि हाक मारायचं नाव त्याच्या आवडत्या जागेला देतात. त्याची पाटी नसते, नकाशात नोंद नसते, लोकांच्या तोंडी असतं. लांब्या पुलाच्या कठड्यावर बसायचा तेव्हा पाय पाण्याला टेकतील की काय असं वाटायचं, म्हणून लांब्याचा पूल. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा तो मुक्या, संध्याकाळी हौदावर गुरांना पाणी पाजताना गुरांशी मात्र भरभरून बोलायचा, म्हणून मुक्याचा हौद. आणि शिवणवाल्या आजींचा मुलगा सायकलवर दोन्ही हात सोडून शिट्टी वाजवत यायचा, ते शिट्टीचं वळण. आता कुणाची गाय हरवली तर लोक म्हणतात, मुक्याच्या हौदावर बघ. कुणी सायकलवरून आपटला तर म्हणतात, शिट्टीच्या वळणावर आपटला. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

बाईंनी बोटांवर नावं मोजली. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवसातून कितीदा तरी त्यांची नावं तुमच्या तोंडात येतात." मी असा विचार कधी केला नव्हता. त्यांनी पुढे आणखी एक विचारलं, पण ते मला नीट ऐकू आलं नाही असं दाखवून मी कामाला लागलो.

आईचा गुडघा कुरकुर करतोय, पण तोंड व्यवस्थित चालू आहे. तू लावलेला पेरू या वर्षी लगडला आहे आणि पाखरांची चंगळ आहे. आपल्या दगडकामाच्या कारखान्याच्या छपराचे दोन पत्रे बदलले. टपाल टाकायला हल्ली मी मळ्याकडून फिरून जातो, जरा लांब पडतं, पण तेवढंच चालणं होतं.

बाकी विशेष काही नाही. सुट्टीचं तेवढं कळव.

गुरुवार

पत्र टाकायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, खिशात घेऊन दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो. ते असो.

काल शिवणवाल्या आजी कारखान्यात आल्या होत्या. तुझ्या लहानपणीचे सगळे फ्रॉक त्यांच्याच हातचे. आता नजर कमी झाली आहे, पण दुकान उघडायचं सोडत नाहीत. दुकानाकडे जाताना आधी फाट्यावर थांबायचं, पिशवीतून कापडाची ओली चिंधी काढायची आणि दगडावरचं पोराचं नाव पुसून घ्यायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. त्यांच्या मुलाचं नाव सगळ्यात शेवटी आहे. ते त्यांच्या छातीशी यायचं, उभ्या उभ्या हात पोचायचा.

आता पोचत नाही. मी दगड खोल घेतल्यामुळे शेवटचं नाव जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहिलंय. आजी पुसायला म्हणून खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. शाळेतल्या बाई आणि टपालवाला, दोघांनी धरून उठवलं. हे मला आधी टपालवाल्याने सांगितलं, तोंडात गुळणी धरल्यासारखा चेहरा करून.

आजी आल्या त्या थेट माझ्या बाकावर बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, "दगड खचला का रे?"

मी म्हटलं, "नाही आजी. बसवलाच तसा. तिथली जमीन भुसभुशीत आहे."

"पलीकडे शाळेची अख्खी इमारत उभी आहे की. ती नाही खचत?"

"इमारतीचं वेगळं असतं."

"असेल बाबा. आणि दगडाचा खालचा कोरा भाग होता, तो कुठे गेला?"

मी म्हटलं, जमिनीत गेला, दगडाला धरून ठेवायला काहीतरी आत जावंच लागतं. त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "कपड्याला दुमड घालण्यात माझा जन्म गेला. वाढत्या पोराच्या कपड्याला खाली कापड सोडतात, ते आत दुमडून ठेवतात. दिसत नसलं तरी कापड तिथेच असतं रे."

मला राग आला. माझा राग तुला ठाऊक आहे, तुझ्या नाकावर बसलेला तोच आहे. मी आवाज चढवून बोललो. म्हटलं, माझं काम मला शिकवू नका, मी तुमच्या मशीनला हात लावतो का? एवढ्या म्हाताऱ्या बाईशी तसं बोलायला नको होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि उठल्या. दारातून एवढंच म्हणाल्या, "तुझी पोर पुढच्या चौकीवर गेली ना? तिची आई सांगत होती." आणि गेल्या.

मी दिवसभर एका पायरीच्या दगडावर घण घालत बसलो आणि तो दगड वाया घालवला. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती म्हणते, "आजींवर ओरडलात म्हणे." या गावात शिंकलं तरी पलीकडच्या टोकाला कळतं.

पत्र उद्या टाकतो.

रविवार

अजून टाकलेलं नाही. आता सगळं लिहूनच टाकतो, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

शुक्रवारी सकाळी मी दगडापाशी गेलो. समितीने तिथे भोवती रोपं लावली आहेत, त्यांना नळीने पाणी घालतात. पाणी घालणाऱ्याचा काही दोष नाही. त्या पाण्याने चिखल उडून शेवटचं नाव पार भरून गेलं होतं. वरची नावं स्वच्छ आणि शिट्टीच्या नावात चिखल. मी रुमाल काढला. वाकून हात पोचेना, गुडघे टेकावे लागले. गुडघे टेकून मी ते अक्षर अक्षर करून पुसायला लागलो, काडीने कोपरे मोकळे केले. ती अक्षरं माझ्याच हातची आहेत.

तेव्हा तू माझ्याबरोबर होतीस. आठवतं का तुला? तू जेमतेम माझ्या कमरेला लागायचीस. मी छिन्नी चालवायचो आणि तू गाल फुगवून अक्षरातली भुकटी फुंकायचीस, तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आजी मागे उभ्या होत्या. तू मोठ्याने विचारलंस, "बाबा, खाली एवढी जागा का सोडलीय?" आजोबांनी ती का सोडली होती ते कोणत्याही पाथरवटाला विचारायची गरज नाही. पण मी म्हणालो, दगडाला पाय टेकायला जागा लागते. तुला ते पटलं. मला मात्र आजींकडे मान वर करून बघवलं नाही.

आणि घरी येताना तू काय बोललीस तेही आठवतं का? नसेल आठवत, तुझ्या दृष्टीने तो खेळच होता. सगळ्या जागा वाटून झाल्या आहेत का, असं तू विचारलंस. पूल गेला, हौद गेला, वळण गेलं. मग चढापाशी आल्यावर माझा हात सोडून वर पळत गेलीस आणि तिथून ओरडलीस, "मग मला हा चढ! इथून बस सगळ्यांच्या आधी दिसते!" झोपाळ्यावरची जागा धरावी तशी तू तो धरलास. मी हसलो होतो. घरी येऊन आईलाही हसत हसत सांगितलं होतं. आई हसली नाही.

शाळेतल्या बाईंनी मला जो प्रश्न विचारला, आणि जो मला ऐकू आला नाही असं मी दाखवलं, तो हाच. त्यांनी विचारलं होतं, "आणि जागा कोण ठरवतं?"

तू पुढच्या चौकीवर गेल्याचं पत्र आलं त्या दिवसापासून मी चढावरून गेलेलो नाही. तब्येतीसाठी चालतो वगैरे सगळं खोटं. टपालाची पेटी चढाच्या डोक्यावर, बसच्या थांब्यापाशी, आणि मी म्हातारा मळ्यातून चिखल तुडवत मागच्या अंगाने तिथे जातो. लोक हसतात. हसू देत.

आता दगडाचं खरं ते लिहितो. जमीन भुसभुशीत नाही. तिथे पहार मारली की ठिणगी उडते, इतकी कडक आहे. खड्डा खणताना माझे हात सोलून निघाले, तरी मी खोल खोल खणत गेलो. दगड साखळीला लटकत होता आणि मला ती नावाखालची कोरी जागा समोर दिसत होती. सारखी दिसत होती. भिंगरे, मी आयुष्यभर दगडाच्या कोऱ्या जागा बघत आलोय, मला त्यांचं कधी काही वाटलं नाही. कोऱ्या जागेवर काय बसेल हे बघणं हाच माझा धंदा. आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी, मी सांगितलेलं नसताना, त्या जागेची मापं घेतली. तुझ्या नावाची अक्षरं तिथे किती ऐसपैस बसतील ते मला दिसलं. मी साखळी सैल सोडली आणि ती जागा जमिनीत गेली तेव्हा थांबलो. भोवती काँक्रीट भरलं. घरी येऊन पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

मी घाबरलो होतो. हे तुझ्या आईलाही मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी तिथे गुडघ्यांवर बसलेलो असताना मला पहिल्यांदा कळलं की माझी भीती झाकायला मी आजींच्या मुलाला चिखलात उतरवलं. माझी मुलगी धडधाकट आहे, थंडीत मोजे घालून उभी आहे, पत्रांना उत्तरं देते. त्यांच्या मुलाचं त्यांच्याजवळ तेवढंच राहिलंय, छातीशी येणारं एक नाव, आणि तेही मी त्यांच्या हाताला लागू दिलं नाही. मला माझीच लाज वाटली. तिथे बसूनच मी रडलो. पाणी घालणारा नळी बंद करून लांब जाऊन उभा राहिला, शहाणा माणूस.

तिथून तसाच अध्यक्षांकडे गेलो. ते दाढीला साबण लावून बसले होते. म्हटलं, दगड उपटायचाय. ते म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? कार्यक्रम तोंडावर आला. कशासाठी उपटायचा?" मी पुन्हा जमिनीचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सवय वाईट असते. मग म्हटलं, "मी भिऊन तो खोल गाडला. खालची जागा मला बघवत नव्हती. पोरगी तिकडे आहे."

अध्यक्ष साबण लावलेल्या तोंडाने माझ्याकडे बघत बसले. आता हा माणूस काय बोलतो आणि मी त्याला काय उत्तर देतो अशा तयारीत मी होतो. ते एवढंच म्हणाले, "मग काढा. माणसं देतो." आणि आरशाकडे वळले. त्यांना मी कायम फुगीर समजत आलो, पण आता दोन महिने तरी काही म्हणणार नाही.

शुक्रवार आणि शनिवार काँक्रीट फोडण्यात गेले. स्वतः घट्ट केलेलं काम स्वतः फोडताना माणसाच्या नाकी नऊ येतात. न्हावी आणि दुकानदार याही वेळी हजर होते, पण सल्ला एकानेही दिला नाही, उलट दोघांनी पहारी धरल्या. दगड वर येताना कोऱ्या जागेच्या कडेचा एक टवका माझ्या हातून उडाला. तो तसाच ठेवलाय. गुळगुळीत करता आला असता, पण म्हटलं राहू दे, तेवढी खूण असावी.

शनिवारी संध्याकाळी दगड होता तेवढ्याच उंचीवर बसला. ओळंब्यात आहे. खालची कोरी जागा पुन्हा सगळ्यांच्या नजरेसमोर आहे, आणि माझ्याही. मी ती बघितली. बरं वाटलं असं काही खोटं लिहिणार नाही. पण मान फिरवली नाही.

आज सकाळी आजींना आणायला मी त्यांच्या घरी गेलो. दारात उभा राहून काय बोलायचं ते ठरवत होतो, तर त्याच म्हणाल्या, "काठी दे ती कोपऱ्यातली, चल." वाटेत ओरडण्याबद्दल माफी मागितली. "तू लहानपणापासून ओरडतोसच," म्हणाल्या.

दगडापाशी उभ्या राहिल्या. पिशवीतून चिंधी काढली. हात पोचला. पहिल्या अक्षरापासून सावकाश पुसत शेवटपर्यंत आल्या. मला वाटलं, झालं. मी काठी पुढे केली. पण त्यांनी चिंधीची घडी बदलली आणि वाकून खालची कोरी जागा पुसायला लागल्या, टवका उडाला होता तिथपर्यंत.

मी म्हटलं, "आजी, तिथे काही नाही."

त्या म्हणाल्या, "नाहीच आहे. तेच तर राखायचंय. आता रोज पुसत जाईन, कोरं आहे ना ते बघत जाईन. तू कशाला गाडतोस? मी आहे ना."

मी त्यांच्या हातातून चिंधी घेतली आणि उरलेला कोपरा पुसला. मग त्यांना दुकानात सोडून घरी आलो आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती, डोळे पुसत होती, आणि शेवटी म्हणाली काय, तर "दोन ओळींचं पत्र लिहायला तुम्हाला अख्खा दगड उपटावा लागला." तुझी आई आहे ती, तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

तेव्हा आता कामाचं पुन्हा लिहितो. कार्यक्रमाला सुट्टी मिळाली तर ये. गणवेशात यायचं की साध्या कपड्यांत ते तू ठरव, अध्यक्षांशी मी बोलेन. सुट्टी नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात ये, नाहीतर त्याच्या पुढच्या. कधीही ये. फुलं वाहायला दुसरं कुणीही मिळेल, ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. मला तू दिसायला हवी आहेस. आल्यावर आपण भांडू. तुझं जाणं मला का पटलं नाही ते मी पुन्हा पहिल्यापासून सांगेन आणि तू पुन्हा पहिल्यापासून ते चूक ठरवशील. पेरू थोडे राखून ठेवलेत, जाळी बांधून.

तू गेलीस त्या दिवशी तू चढावर उभी होतीस आणि मी खाली कारखान्यात होतो. घणाचा आवाज तुला वरपर्यंत येत असेल. बस येईपर्यंत तू वळून वळून बघत होतीस, ते मला दिसत होतं. याच्यावर जे काय बोलायचं ते समोरासमोर बोलू.

आता हे पत्र बंद करून टाकायला निघालोय. मळ्याकडून जाणार नाही, चढावरून जाणार आहे. आई गुडघा बांधून तयार झाली आहे, म्हणते मीपण येते, तुम्ही पुन्हा खिशात घालून परत आणाल. सावकाश जाऊ दोघं.

आज सकाळीच बसवाला ओरडत होता, चढावर कोण उतरणार, चढावर कोण? सगळे त्याला चढच म्हणतात, नुसता चढ. मी जिवंत आहे तोवर मला त्याला एवढंच म्हणायचं आहे.

बस तुला सगळ्यांच्या आधी दिसायची. या वेळी ती मला आधी दिसू दे. चढाच्या डोक्यावर उभा असेन.

तुझा,
बाबा